ब्राह्मणपुरीची बाकी

शहाद्याच्या पितांबर कासाराला लोक गोडबोल्या म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. बांगडी भरताना बाईचा हात दुखू नये म्हणून तो तोंडाची टकळी चालू ठेवायचा. माहेरची चौकशी करायचा, सासूची नक्कल करायचा, तेवढ्यात बांगडी मनगटावर गेलेलीसुद्धा असायची. असा हा माणूस आयुष्यात एकदाच कडू बोलला, आणि ते नेमकं नको तिथं.

कासाराचा धंदा म्हणजे उधारीचा धंदा. बांगड्या सणाला भरायच्या, पैसे पीक घरात आल्यावर. उधारी बाईची, म्हणून मागायचीही बाईकडेच, ओट्याशी उभं राहून, हळू आवाजात. कारभाऱ्यापाशी अवाक्षर काढायचं नाही. आणि काही झालं तरी हातात चढवलेली बांगडी परत मागायची नाही. अहो, कासार तर बांगडी फुटली असंही म्हणत नाही, वाढवली म्हणतो. मग सवाष्णीला हात उघडा कर म्हणणं म्हणजे काय, हे कासाराच्या पोराला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

पण सन एकोणीसशे अठराचं साल मोठं वाईट आलं. लढाईपायी विलायती काच बंद झालेली, सुरतेचा व्यापारी रोकड मागत होता, वर पावसानं दगा दिला. पितांबर गावोगाव हिंडला. जिथं जाई तिथं एकच उत्तर, "देसू, दादा." शेवटी भर उन्हात तो ब्राह्मणपुरीला नथ्थू पाटलाच्या दारात पोचला. त्याची बायको सरलाबाई हिच्याकडे दोन सणांची बाकी होती.

"दिवाळी व्हई जाऊ दे, दादा. कापूस निंघना की देसू," ती म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या पुढं केला. तेव्हा तिच्या हातांत त्याच्याच हिरव्या बांगड्या वाजल्या. पितांबराचं डोकं फिरलं.

"पैसा नहीत ना? मंग काढी दे मन्ह्या बांगड्या."

जिभेला हाड नसतं म्हणतात. सरलाबाईनं हात पदराखाली घेतले. गोठ्यात नथ्थू बैलाला चारा टाकत होता, ते पितांबराला ठाऊक नव्हतं. तो बाहेर आला, पितांबराकडे नुसता बघून घरात गेला. पितांबर बांगड्यांची पेटी उचलून निघाला तो वाटभर स्वतःला शिव्या देत निघाला.

चार-आठ दिवसांत मानमोडीचा ताप शहाद्यात शिरला. घराघरांतून माणसं जाऊ लागली. पितांबरानं दुकानाला कुलूप लावलं आणि बायको दगूबाईला घेऊन रनाळ्याला सासुरवाडी गाठली. परत आला तेव्हा बातमी वाटच बघत होती. ब्राह्मणपुरीचा नथ्थू गेला.

त्या रात्री तो जेवला नाही. "मन्ही जीभ काळी शे," तो दगूबाईला म्हणाला. दगूबाईनं समजूत घातली, की ताप काय कुणाला विचारून येतो? गावंच्या गावं ओस पडली, ती काय सगळी तुमच्या बोलण्यानं? हे पटण्यासारखं होतं. पितांबरानं ते धरून ठेवलं, मंत्रासारखं म्हणत राहिला. ब्राह्मणपुरीची वाट मात्र त्यानं सोडली. तिथली सगळी उधारी बुडाली तर बुडाली.

अशी काही वर्षं गेली. एका लग्नसराईत दुकानात गर्दी होती, आणि पायरीशी एक उघड्या हातांची बाई लेकीला घेऊन उभी राहिली. सरलाबाईच ती.

"जमनानं लगीन शे, दादा," ती साधेपणानं म्हणाली. "चुडा तुम्हनाच हातनी भरना शे."

त्यानं चुडा भरला. जमनाचा हात धरून बसला, पण आज टकळी बंद होती. सरलाबाई लांब भिंतीशी बसून बघत होती. भरून झालं तसे तिनं कनवटीचे पैसे सोडले. चुड्याचे वेगळे, आणि ती जुनी बाकी वेगळी.

"ते राहू दे, बहीन," पितांबर कसाबसा म्हणाला.

"राहू कशी देऊ? त्यासना जीव त्यामां अटकेल व्हता." ती सांगू लागली, नवऱ्याची थोरवी सांगावी तशी. "तुम्ही गयात आनि आठ दिवसमां त्यासनी पेवमानी ज्वारी काढी. मी म्हनं, नका जाऊ, शहादाले ताप शे. तर म्हनेत, कासारनं देनं ठेवानं नही. बजारमां ज्वारी इकी. तुम्हनं दुकान बंद व्हतं. तुम्ही येशात म्हनीसन दिवसभर ह्याच पायरीवर बठेल व्हतात. रातले घर परत उनात ते ताप लईसनच."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. काळी जीभ, शाप, हे सगळं आजवर नाकारता तरी येत होतं. आता काय नाकारणार?

तिनं पैसे पेटीवर ठेवले आणि तो घेईपर्यंत हलली नाही. पितांबरानं ते उचलले.

"पाया पड," ती लेकीला म्हणाली. नवा चुडा वाजवत जमना वाकली. पितांबराचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेला, पण तोंडातून शब्द निघेना.

"आशीर्वाद द्या ना, दादा," सरलाबाई म्हणाली. "कासारना शब्द खरा व्हस."