छत्रीचं दार

पुनावळ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एक छोटी खोली आहे. बिल्डर तिला बेडरूम म्हणाला, मी कारखाना म्हणायचो आणि बायको काहीच म्हणायची नाही, नुसतं दार ओढून घ्यायची. घरात जे बिघडेल ते मी तिथे दुरुस्त करायचो. माझ्या हातून गेल्यावर ते कायमचं शांत व्हायचं, हा भाग वेगळा.

मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. सासरे गेल्यापासून त्या मावळात गावी एकट्याच राहायच्या. बायको एकुलती एक. आईनं आता कायमचं इकडेच राहावं, असं तिला फार वाटायचं. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं. "डोळा झाला की मी चालले. लेकीच्या घरी बिऱ्हाड थाटलं तर गाव काय म्हनंल?" बायकोचा हिशेब असा, की आईला स्वतःची खोली मिळाली तर ती कदाचित रमेल. खोली कोणती, हे मला विचारण्यात आलं नाही.

माझं सामान भिंतीलगतच्या कपाटांत घालायचं ठरलं. कपाटं मीच करणार म्हटल्यावर "विकत आणूया का?" असं बायकोनं इतक्या मऊ आवाजात विचारलं, की मला चेवच चढला. कंपनी सुटली की चाकणच्या रस्त्यावर एका भंगारवाल्याकडे थांबायला लागलो. परदेशातून मशिनी येतात त्या लाकडी खोक्यांच्या फळ्या तो विकतो. पाइनचं हलकं लाकूड. रंधा मारला की घरभर गोडसर वास. फळ्या गाडीच्या टपावर बांधून आणायच्या आणि पकडीनं खिळे उपसत बसायचं. बरेचसे खिळे मला सापडले, उरलेले माझ्या टाचेला सापडले.

फळ्यांवर काळे छाप होते. माल ओला होऊ देऊ नका म्हणून छत्री, नाजूक आहे म्हणून काचेचा गिलास. ते घालवायचा कंटाळा केला आणि डिझाइन आहे म्हणून सांगितलं. त्यामुळे वरच्या एका दारावर छत्री आली, शेजारच्यावर उंच दांडीचा गिलास. ऑपरेशनसाठी येऊन राहिलेल्या सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. त्यांनी गिलासाकडे बराच वेळ पाहिलं आणि लेकीला विचारलं, "जावई बरं हायेत ना?"

कपाटं उभी राहिली, चक्क सरळ. मग खाट आत आणली. खोली अरुंद, खाट कपाटाला चिकटूनच बसली. बायको दारात उभी. "अहो, ही दारं उघडायची कशी?"

नवीन मशीन बसवताना तिचं दार उघडायला जागा सोडा, हे कंपनीत पोरांना ओरडून सांगायचं काम माझं. त्याचाच मला पगार मिळतो. खालची दारं खाटेमागे गेली ती गेलीच. वरची उघडत होती, पण खाटेवर चढून. आणि सासूच्या अंथरुणावर जावयानं चढायचं, हे ना मला जमणार होतं ना त्यांना चालणार होतं. सगळं उचकटून सरकती दारं लावतो म्हणालो. बायको म्हणाली, आधी डोळा होऊ दे, आत्ता धूळ नको.

डोळा झाला. सासूबाई काळा चष्मा लावून खाटेवर, त्यांची कापडी पिशवी भरलेली, दाराशी. मला काही लागलं की मी उंबऱ्याबाहेर उभा राहून मागायचो. "आई, तेवढा पाना द्या." सुरुवातीला पान्याऐवजी कानस यायची. चष्मा उतरल्यावर त्यांनी आपल्या हातानं सगळं लावून घेतलं. खिळे मसाल्याच्या जुन्या डब्यात गेले, स्क्रूड्रायव्हर उंचीप्रमाणे उभे राहिले. मग मागायच्या आत वस्तू हातात पडायला लागली आणि मागोमाग तगादाही. "जावईबापू, कालची पक्कड अजून आली न्हाई." कंपनीच्या स्टोअरमध्येसुद्धा मला कोणी इतकं धारेवर धरलेलं नाही.

रविवारी त्यांना गावी सोडायचं ठरलं होतं. बायको सकाळपासून कणीक जरा जास्तच मळत होती. मी गाडीची किल्ली घेतली आणि पिशवी उचलायला गेलो, तर दाराशी पिशवी नाही.

सासूबाई खाटेवर मांडी घालून बसल्या होत्या. छत्रीचं दार उघडं होतं आणि आत माझ्या करवतींच्या जागी त्यांची लुगडी, घडी घालून.

"मी गेले तर तुमाला सामान कोन काढून देनार? तुमी काय खाटंवर चढनार न्हाई." मग बोट दाखवून वाटणी सांगितली. "छत्रीचं दार माजं. गिलासाचं तुमचं."

स्वयंपाकघरातला कणकेचा आवाज थांबला. मी किल्ली खुंटीला अडकवली.

दुपारी गावाहून त्यांच्या जावेचा फोन आला, कधी येताय म्हणून. आम्ही दोघं बाहेर कान देऊन. सासूबाई ठसक्यात सांगत होत्या की इतक्यात येणं काही जमायचं नाही, जावयाच्या कारखान्यात स्टोअर त्यांच्याच ताब्यात आहे.

सरकती दारं काही मी लावली नाहीत. बायकोही आठवण करून देत नाही.