भरतीचं पाणी

फॉर्मॅलिनचा वास आला की मला पुण्यातली आमची प्रयोगशाळा आणि कोकणातल्या एका खाडीच्या पाण्याची बाटली आठवते. ते पाणी मी ओहोटीला, कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी भरलं होतं. मासे ज्यांवर जगतात त्या सूक्ष्म जिवांची त्यात नुसती रिकामी कवचं होती. प्रयोगशाळेचे प्रमुख असलेले आमचे सर म्हणाले, "अहो, ओहोटीला कशाला गेलात? भरतीला जा." भरतीला बाहेरचा समुद्रच आत शिरतो, स्वतःचे जीव घेऊन. झालं, अहवालात खाडी ठणठणीत! माझं डोकं फिरलं होतं. परवा निवृत्त सर वारज्यात भेटले. "नळाला गढूळ पाणी येतं, आणि पालिकेचे लेकाचे तपासायला येतात टाकी धुतल्यावर!" मी म्हटलं, "भरतीला येत असतील, सर."