बोरीच्या लाकडाची शिट्टी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या गोष्टीला वळसा घालून पुढे जाते — त्याला काय ते कळत नसेल? पण आता थकले. लपवून ठेवायलाही अंगात जोर लागतो, तो उरलेला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

गोष्ट एका शिट्टीची आहे. हसाल कदाचित. मीही काही वर्षं हसण्यावारीच नेली.

माझे मिस्टर, अरविंद, अल ऐनमध्ये एका कंपनीचं स्पेअर पार्टचं स्टोअर सांभाळायचे. केतकी, आमची मुलगी, केजीत होती तेव्हा आम्ही तिथे गेलो. जुन्या व्हिलाचा मागचा भाग भाड्याने घेतला होता. वर गच्ची, समोर रिकामी वाळूची जागा आणि तिच्या पलीकडे खजुराच्या बागेची मातकट भिंत. त्या भिंतीमागे सकाळ-संध्याकाळ तित्तिर ओरडायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. यांचं लहानपण साताऱ्याकडे माळावर गेलेलं. तित्तिराचा आवाज काढून मास्तरांना फसवणारे हे! वाळवंटात तो आवाज ऐकल्यावर हे जे वेडे झाले ते झालेच.

कंपनीने भंगारात काढलेलं एक छोटं लेथ यांनी मागून आणलं आणि मागच्या शेडमध्ये बसवलं. शुक्रवारी सुट्टी. मग दिवसभर लाकडाचा भुसा, वॉर्निशचा वास आणि तित्तिराला साद घालणाऱ्या शिट्ट्या. शिकारी लोक झुडपाआड बसून असली शिट्टी फुंकतात, पाखरू दुसरं पाखरू समजून जवळ येतं. कांदासुद्धा चातुर्मासात न खाणारा माणूस शिकाऱ्यांसाठी शिट्ट्या करतो, यावरून मी यांना खूप चिडवलं. हे म्हणायचे, "अगं, मी मारतोय कुठे? मी फक्त हाक मारतो."

आता एक नीट समजून घ्या, कारण माझं पाप तिथेच आहे. अशी शिट्टी करणाऱ्याला ती कशी झाली हे स्वतःला कळत नाही. फुंकताना आवाज आपल्याच दातांत, आपल्याच डोक्यात घुमतो. शेजारी उभं राहून ऐकावं तर नुसता कर्कश वाटतो. तो बरोबर आहे की नाही हे लांबून, पाखराच्या जागेवर उभं राहूनच ठरतं. म्हणजे दुसरं माणूस लागतं. ते दुसरं माणूस मी होते.

मी लग्नाआधी गाणं शिकत होते. फार पुढे गेले नाही, पण कान तयार झाला होता. क्लासमध्ये तंबोरे लावायला मलाच बसवायचे. अल ऐनला आल्यावर गाणं सुटलं. का सुटलं ते सोडा. कान राहिला. शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत मी वाळू तुडवत बागेच्या भिंतीपाशी जायची, हे गच्चीवरून शिट्टी फुंकायचे. बरोबर असेल तर मी हात सरळ वर करायचा. चुकत असेल तर आडवा हलवायचा. मग हे खाली शेडमध्ये जाऊन आतली पत्ती जराशी घासायचे, भोक जरासं मोठं करायचे, पुन्हा वर यायचे. मी कधी लाडाने हात वर केला नाही. चुकलं की चुकलं. म्हणूनच तर यांचा माझ्यावर विश्वास होता. चारचौघांत म्हणायचे, "वसूचा कान म्हणजे कान."

यांच्या ऑफिसात अबू राशिद म्हणून एक अरबी साहेब येत असत. घरी ससाणे पाळलेले, थंडीत भावांबरोबर शिकारीला सिंधकडे जाणारे. त्यांनी यांची एक शिसवी शिट्टी नेली आणि परत आले ते थेट आमच्या दारात, खजुराचा डबा घेऊन. "वल्ला अरविंद, बहुत अच्छा! इधर स्टोअर में बैठ के क्या करता तुम?" मग चहा घेता घेता सांगितलं, की त्यांच्या व्हिलामागे मोठी शेड रिकामी आहे. मोठ्या भावाला या गोष्टींचा फार शौक, आणि तो भलता चिकित्सक. "उसके लिए एकदम असली वाला बना के दो. उसको पसंद आया — खलास, वर्कशॉप तुम्हारा. व्हिसा मैं देखेगा."

ते गेल्यावर हे बराच वेळ रिकामा कप धरून बसले होते. इतकं आनंदलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्यानंतरही नाही.

आणि मी? मी तेव्हा पुण्याला परत जायचे दिवस मोजत होते. कोथरूडला फ्लॅट घेतलेला, पडद्यांचे रंगसुद्धा मनात ठरलेले. आणखी दोन-तीन वर्षं, मग परत — असं आमचं बोलणं होतं. वर्कशॉप झालं असतं तर कसलं परत? मग माझा जन्म त्या भिंतीपाशी हात वर करण्यात गेला असता.

यांनी लाकूड शोधून आणलं. तिथे सिद्र म्हणतात, म्हणजे आपली बोरच. गाभ्याचं, लालसर, जड. कितीतरी संध्याकाळी त्यावर घालवल्या. हाताला तेल लावावं तसं ते लाकूड हातांत चोळत बसायचे. मग एका शुक्रवारी म्हणाले, "वसू, चल. आज बघू."

मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. यांनी फुंकलं.

काय सांगू? तंबोऱ्याची तार लागते ना — आपण खुंटी पिळत असतो, पिळत असतो, आणि एका क्षणी काही करायचंच उरत नाही — तसा तो आवाज होता. आधीची ती घशातली खरखर, मग वर चढत जाणारे ते दोन झटके. आणि माझ्या पाठीमागे, भिंतीच्या अगदी आत, तित्तिराने उत्तर दिलं. एकदा नाही. यांनी पुन्हा फुंकलं, त्याने पुन्हा दिलं.

गच्चीवर एसीच्या यंत्रांची घरघर. यांना ते उत्तर ऐकू जाणं शक्य नव्हतं. हे कठड्याला टेकून माझ्या हाताकडे बघत होते.

मी हात आडवा हलवला.

घरात आल्यावर केतकी खिडकीपासूनच ओरडली, "बाबा, इट साउंडेड सो रिअल!" मी तिला म्हटलं, "तुला काय कळतं त्यातलं?" यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि मला विचारलं, "कुठे जातंय?" मी म्हटलं, "वरचा सूर फाटतोय." मला एवढं सहज बोलता येईल असं वाटलं नव्हतं.

यांनी ती शिट्टी बाजूला ठेवली. दुसरी केली. पुढच्या शुक्रवारी हात आडवा. तिसरी केली. तिचा सूर खरंच जरा फाटत होता, कारण तोवर यांचा हात बिचकायला लागला होता. चौथी तर सरळसरळ बिघडली. मग मला खोटं बोलायची गरजच राहिली नाही. कळतंय का तुम्हाला? मी फक्त सुरुवातीला खोटं बोलले. पुढचं काम यांच्या हातांनी माझ्यासाठी केलं.

अबू राशिदना यांनी सांगून टाकलं, "मेरे से नहीं होगा." ते म्हणाले, "इन्शाल्ला, अगली बार." अगली बार आली नाही. लेथ कंपनीतल्या एका केरळी फिटरला देऊन टाकलं. शेडमध्ये मी कपडे वाळत घालायला लागले.

मैत्रिणींना मी सांगत असे, बरं झालं, जीव मारायच्या धंद्यातून सुटलो. ते खोटं. स्वतःला सांगत असे, एका माणसाच्या मर्जीवर व्हिसा, उद्या त्याचं मन फिरलं तर? तेही खोटं, तो विचार मला नंतर सुचला. खरं काय ते सांगते. "मला इथे राहायचं नाही," एवढं मी म्हटलं असतं तरी यांनी ऐकलं असतं. हा माणूस तसाच आहे. पण मग त्यांचं स्वप्न माझ्यामुळे मोडलं असतं, आणि ते मला जन्मभर बघावं लागलं असतं. मला ते त्यांच्याच हाताने मोडलेलं हवं होतं.

तसंच झालं. त्यानंतर यांचा स्वतःवरचा भरवसाच गेला. भिंतीत साधा खिळा ठोकला तरी मला हाक, "वसू, सरळ आहे ना बघ." स्टोअरमधल्या याद्या घरी आणून मला तपासायला लावायचे. मी तपासायची. आणि इतकं करूनही दोन-तीन वर्षांत परत जाणं काही झालं नाही. केतकीची शाळा, मग कॉलेज, हप्ते. मुदत पुढे पुढे गेली. ती सगळी वर्षं हे स्टोअरमध्ये बसून राहिले.

सगळ्यांत वाईट काय, सांगू? हे माझे आभार मानायचे. गणपतीत मराठी मंडळी जमली की कोणीतरी त्या शिट्ट्यांचा विषय काढायचं, आणि हे हसून म्हणायचे, "हिने वेळीच सांगितलं म्हणून वाचलो. नाहीतर नोकरी सोडून तोंडघशी पडलो असतो." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी पुऱ्या वाढायला उठायची.

गेल्या महिन्यात आम्ही अल ऐन सोडलं. सामान बांधताना यांना खजुराच्या त्या जुन्या डब्यात ती बोरीची शिट्टी सापडली. मी खाली वाळूत उभी होते, सामानाच्या गाडीची वाट बघत, भिंतीपाशी सावलीला. हे गच्चीवर आले. केस पांढरे, एका कानाने आता कमी ऐकू येतं. हात उंचावून मला शिट्टी दाखवली, पोरासारखे हसले आणि फुंकली.

इतक्या वर्षांनी तोच सूर. जरासुद्धा हललेला नाही.

आणि भिंतीमागून उत्तर आलं.

हे कठड्याला टेकून माझ्या हाताकडे बघत होते. आता गमावण्यासारखं काय होतं? तिकिटं काढलेली, पुण्याचं घर झाडून तयार. हात वर केला असता तर आमचं काहीही बदललं नसतं, एवढंच की यांना कळलं असतं.

हात आपोआप गेला, असं सांगणार होते. आपोआप गेला नाही. मी हलवला, आडवा, चांगला दोनदा, लांबून नीट दिसावा म्हणून.

यांनी मान डोलावली. खाली येऊन शिट्टी कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि म्हणाले, "बघ, अजूनही तुझाच कान खरा."

पिशवी कचराकुंडीपर्यंत मीच नेली.