क्रेटमधले फोन

"टाका, टाका. परवा निघताना मिळेल परत."

वाडीच्या फाटकात उभं राहून, चिकूचं प्लास्टिकचं क्रेट पोटाशी धरून सर असं म्हणायचे. देवळात दानपेटी पुढे करावी तसं. मुंबईहून आलेली तरुण माणसं एकेक करून आपला मोबाईल त्यात ठेवायची. चेहरे असे, की अंगावरचे दागिने उतरवून घेतायत. शेवटी ते स्वतःचा फोन टाकायचे, वर गोणपाट पसरायचे आणि क्रेट माझ्या हाती द्यायचे. "ताई, सांभाळा. मी मागितला तरी देऊ नका."

दुसऱ्या कंपन्यांचं नाव राखायचं, हा त्यांच्या कंपनीचा धंदा. कुणाच्या बिस्किटात अळी निघाली, की यांच्या माणसांनी लगेच गोड शब्दांत खुलासा लिहायचा. दिवस नाही, रात्र नाही. सर हे खुलासे लिहिणाऱ्या खात्याचे प्रमुख. दरवर्षी थंडीत आपल्या माणसांना दोन दिवस डहाणूजवळ नरपडला माझ्या वाडीत आणायचे. मुंबईतल्या मालकांना हे पटत नव्हतं. "एक दिवस हेच मला नडणार," असं सर हसत सांगायचे.

मी तलासरीला हायवेवर बस थांबली की चिकूची टोपली घेऊन खिडकीखाली धावणारी बाई. तिथून ही वाडी आणि या खोल्या. फुकट कोणी काही दिलं नाही. गिऱ्हाईक किती देईल, हे मी त्याच्या डोळ्यांवरून सांगते. पहिल्या वर्षी मी चढा भाव सांगितला, तर सर नुसतं "बरं" म्हणाले. मला रागच आला. "अहो सर, थोडं तरी घासा! असं कसं चालेल?"

"मला येत नाही, ताई. माझ्या माणसांना शिकवाल?"

मग दरवर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी मी ही सगळी वरात धाकटी डहाणूला मासळी घ्यायला न्यायची. दुपारचं जेवण ज्याने त्याने भाव करून आणायचं. मोठमोठ्या साहेबांची भाषणं लिहिणारी पोरं, पण मासळीच्या पाटीपुढे वाचा बसायची. एकजण बोंबलांकडे बघत पुटपुटत होता. मासेवाली मावशी म्हणाली, "अरे, माझ्याकडे बघून बोल ना! बोंबील काय उत्तर देणार हाय तुला?"

सर मागे उभे. "आधी त्यांचं ऐका. घाई कोणाला आहे?"

हे त्यांचं पालुपद. जेवण उशिरा झालं, भरती ओसरली नाही, रिक्षा आली नाही, तरी "घाई कोणाला आहे?" पण तुम्ही बघायला हवी होती ती माणसं. आल्या दिवशी रिकामा हात खिशाकडे जायचा, दचकून परत यायचा. दुसऱ्या दुपारी तीच सुरूच्या झाडांखाली पडून एकमेकांना गावाकडच्या गोष्टी सांगत असायची. वर्षभर शेजारी बसून ज्यांना एकमेकांचं गाव ठाऊक नव्हतं, ती. फुकट नेटची सिमं आली त्या वर्षी मीही माझ्या स्वयंपाकघरात बायकांच्या मोबाईलसाठी टोपली ठेवली. भाकऱ्या करपायच्या थांबल्या.

शेवटच्या वर्षी त्यांच्यात एक मुलगी होती. डोळ्यांखाली काळं. रात्रीअपरात्री खुलासे लिहून लिहून तिची झोपच उडाली होती, असं सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. मासळीबाजारात मात्र ती मावशीशी अशी भांडली, की मावशीने वर दोन बोंबील टाकले. "ही घर चालवील," म्हणाली. जेवून ती मुलगी चिकूच्या झाडाखाली चटईवर आडवी झाली आणि मेल्यासारखी झोपली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मुंबईचे मालक. एका बड्या गिऱ्हाइकाची कुठेतरी अब्रू गेली होती. त्या मुलीला उठवा, तासाभरात खुलासा हवा. मी फोन सरांकडे नेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मी लिहून देतो," म्हणाले. पलीकडून आवाज चढला. त्या गिऱ्हाइकाचं सगळं तीच लिहायची, म्हणून तीच हवी होती. सरांनी एकदा चिकूखाली झोपलेल्या तिच्याकडे पाहिलं. "मग उद्या," म्हणाले आणि फोन माझ्या हातात ठेवला.

"सर, उठवा की तिला! नोकरी जाईल."

"कित्येक महिन्यांनी झोपलीय ती, ताई."

तिसऱ्या दिवशी निघताना त्यांनी फाटकात क्रेट धरलं. एकेकाने आपला फोन उचलला, चालू केला आणि तिथेच थिजला. सरांचा फोन अजून तळाशी होता. ते नेहमी शेवटी घ्यायचे. त्यांच्या आधी त्यांच्या सगळ्या माणसांना कळलं होतं, की खात्याला आजपासून दुसरा प्रमुख आहे.

कोणी बोललं नाही. शब्दांवर पोट भरणारी माणसं! माना खाली, बोटं काचेवर. ती मुलगीसुद्धा. आपल्याला का उठवलं नाही, हे तिलाही त्याच काचेवर कळलं असणार. ती सरांच्या शेजारून बसमध्ये जाऊन बसली.

"अरे, तोंडं शिवली का तुमची?" मी ओरडले.

सरांनी वाचलं. फोन खिशात टाकला. मला म्हणाले, "ताई, स्टेशनला रिक्षा मिळेल?"

"बस आहे की ही!"

"मी बसलो तर पोरांना मुंबईपर्यंत गप्प बसावं लागेल."

माझा राग त्यांच्यावरही आहे. जाताना मागावं तरी काही. एक शब्द मागायचा होता त्या पोरांकडे. नाही. भाव करायचाच नाही, म्हणजे नाही!

पुढच्या थंडीत नव्या प्रमुखाचा फोन आला. पहिला प्रश्न, "वायफाय आहे का?" मी बसवून घेतलं आणि दुप्पट भाव सांगितला. मी कोणाचं फुकट सोडत नाही. त्यानेही घासाघीस केली नाही, पण तेव्हा मला सरांची आठवण आली नाही, शिवीच आली.

माणसं आली. फाटकात कोणी क्रेट धरलं नाही. धाकटी डहाणूला कोणी गेलं नाही. संध्याकाळी ती मुलगी एकटीच त्या चिकूखाली आली. डोळ्यांखालचं काळं परत आलं होतं.

"ताई, सर येतात का हो कधी इकडे?"

"मला काय विचारतेस? फोन आहे ना हातात? लाव."

तिने फोनवर सरांचं नाव शोधून काढलं. अंगठा नावाच्या वर धरून उभी राहिली, दाबला नाही. काच विझली. तिने उजळवली. पुन्हा विझली. माझ्या वाडीत रेंज भरपूर येते.