ब्रिटाचं नाव वगळलं तेव्हा

आर्लिसबाई ट्वीटन यांचा उजवा बूट डाव्याच्या आधी झिजायचा. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, आणि एकतीस उन्हाळे बाई तो दाबत आल्या होत्या. उत्तर डाकोटातल्या त्या गावात चौदाव्या वर्षीच पोरांच्या हाती गाडी येते. यायलाच हवी, शाळा वीस मैलांवर आणि बाप ट्रॅक्टरवर. उन्हाळ्यात बाई पोरांना गाडी शिकवायच्या आणि उरलेलं वर्ष धान्याच्या कोठारासमोरच्या कचेरीत बसून त्याच पोरांच्या बापांना विमा विकायच्या. या दोन्ही कामांचा त्यांना भारी ताठा होता. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराची तिरडी उठली नाही, हे त्या भेटेल त्याला ऐकवायच्या, न विचारता.

शिकवायच्या मात्र जीव ओतून, हे कबूल करायलाच हवं. खडीच्या रस्त्यावर पोरांना मुद्दाम करकचून ब्रेक मारायला लावायच्या, गाडी कशी घसरते ते पोटात कळावं म्हणून. फोन मागच्या डिकीत. गाडीत मित्र एकच, तोही पट्टा बांधून. हरीण आडवं आलं तर चाक वळवायचं नाही, हरणाला धडकायचं. प्रत्येक नियम पोराकडून तीनदा मोठ्याने म्हणवून घ्यायच्या. आईबापांना वेगळा सल्ला: नवी चकचकीत गाडी देऊ नका, आजोबांचा जुना जड पिकअप द्या, पोरांना बरे मार्क आणायला लावा, विम्याच्या हप्त्यात सूट मिळते. पोरांची प्रगतिपुस्तकं आधी बाईंच्या टेबलावर यायची आणि मग घरी जायची. गणितात घसरलेल्या पोराला त्या आईच्या आधी झापायच्या.

त्या जूनमध्ये गेलन रोस्टाड पोरीला घेऊन कचेरीत आला. ब्रिटा सोळाची. वर्षभरात वेगाचे दोन दंड आणि एकदा गाडी सरळ खड्ड्यात. गेलन कुरणावरचा माणूस, साठ गायी, मोजकं बोलणारा. पण हप्त्याचा नवा आकडा बघून त्याचीही जीभ सुटली होती.

"आर्लिस, एवढ्यात मी आणखी एक पोरगी पोसीन. आणि ती गाडी चालवणार नाही."

"एक वाट आहे," बाई म्हणाल्या. "हिचं नाव विम्यातून वगळायचं. हप्ता खाली येईल. पण हिने गाडी काढली आणि काही झालं, तर कंपनी एक छदाम देणार नाही. समोरच्याने दावा ठोकला तर तुझं कुरण जाईल. वर्षभर नीट राहिली की नाव परत घालू."

गेलनने सही केली. ब्रिटा बाहीचं टोक चावत बसली होती. बाईंनी तिच्याकडे मोर्चा वळवला.

"म्हण. मी या गाडीला हात लावणार नाही. काहीही झालं तरी नाही."

"बाई, कळलं मला."

"कळलेलं नकोय, म्हणून दाखव."

ब्रिटाने तीनदा म्हटलं. गेलन हसत म्हणाला, "पाद्रीबुवांनी एवढं म्हणवून घेतलं असतं तर एव्हाना संत झाली असती ही."

आणि पोरगी खरंच सुधारली. शाळेच्या बसने जाऊ लागली. बाईंनी गावभर सांगितलं, बघा, असं वळण लावावं लागतं.

फेब्रुवारीत गेलन गेला. बाईंना एवढंच कळलं होतं की हृदय बंद पडलं. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं, हॅमचे सँडविच आणि भट्टीत भाजलेलं बटाट्याचं हॉटडिश. बाईंनी हॉटडिशचं भांडं मेजावर ठेवलं, तोच ब्रिटा त्यांच्याजवळ आली.

"बाई, मी बरोबर केलं ना?"

मग तिने सांगितलं. दुपारचे तीन. बाबा गुरांना चारा टाकून आले आणि स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि यांना दरदरून घाम. आई शहरात शाळेच्या स्वयंपाकावर. ब्रिटाने ॲम्ब्युलन्सला फोन केला. तिथली माणसं आपापली कामं टाकून येणारी. पस्तीस मिनिटं तरी लागतील म्हणाले. पिकअप दारात सुरूच होता. रस्ता साफ केलेला, हॉस्पिटल चोवीस मैल.

"मी म्हटलं, बाबा, चला, मी नेते. ते म्हणाले, आर्लिसने काय सांगितलंय? मी सगळं म्हणून दाखवलं. ते म्हणाले, मग झालं तर. आम्ही वाट बघत बसलो." ॲम्ब्युलन्स एक्केचाळीस मिनिटांनी आली होती. "आई माझ्याशी बोलत नाहीये, बाई. एकदाच बोलली. म्हणाली, चावी गाडीतच होती ना."

विम्याचा कागद फक्त भरपाई नाकारत होता, गाडी चालवायला मनाई करत नव्हता. फार तर कुणाचं कुंपण मोडलं असतं. हे त्यांना जूनमध्येही माहीत होतं. पोरीला पळवाट ठेवायची नाही म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. आता त्या पोरीच्या तोंडावर काय सांगायचं?

"बरोबर केलंस," त्या म्हणाल्या.

ब्रिटाने मोठा श्वास सोडला. "मग आईला तुम्हीच सांगा." आणि हात धरून तिने बाईंना ओढतच नेलं.

ब्रिटाची आई डोरीन भिंतीकडेला कॉफीचा कप धरून बसली होती. तीन दिवस झोप नसलेले डोळे. त्या डोळ्यांपुढे आर्लिसबाईंना अर्धवट बोलता येईना.

"पोरीला दोष देऊ नकोस, डोरीन. मी म्हणवून घेतलं तेच तिने केलं. जिवावर बेतलं तर गाडी काढ, पुढचं मी निस्तरीन, एवढं मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चूक माझी आहे."

ब्रिटाने बाईंचा हात सोडला.

"म्हणजे नेता आलं असतं?"

बाईंनी डोरीनकडे पाहिलं. तिने मदत केली नाही, आणि का करावी?

"हो," बाई म्हणाल्या.

"आत्ता तर तुम्ही बरोबर म्हणालात."

"म्हणाले खरी."

डोरीनने कप खाली ठेवला, पोरीला जवळ ओढलं आणि तिचं डोकं आपल्या कुशीत दाबून धरलं. मग तिच्या केसांवरून हात फिरवत, वर न बघता म्हणाली, "तू जा आता, आर्लिस."