कान बांधून ध्रुवाकडे

उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर प्रवासी बोटी जातात, हे मला सत्तरच्या सुमारास कळलं. पुणतांब्याच्या शाळेत मी भूगोल आणि मराठी शिकवत होतो. नॉर्वेच्या एका बोटकंपनीला पत्र टाकलं. अडीच महिन्यांनी रंगीत माहितीपत्रक आलं. त्यातल्या फोटोतला निळ्या बर्फाचा कडा मी पारावरच्या प्रत्येकाला दाखवला. सगळे हसले. मी जायचं ठरवलं.

पासपोर्टसाठी मुख्याध्यापकांची शिफारस आणि वर शिक्षणखात्याची परवानगी लागणार होती. ते म्हणाले, "गुरुजी, मार्गशीर्षात तुम्ही मफलर सोडत नाही. नगरला बर्फाचा कारखाना आहे. तिथल्या कोठारात दोन तास बसून दाखवा, त्याच दिवशी सही करतो."

त्यांनी थट्टा केली होती. मी मे महिन्यातला पहिला मोकळा दिवस धरून निघालो.

सकाळच्या पॅसेंजरचं तिकीट दोन रुपयांच्या आतच होतं. खिडकीत बसायचं नाही, इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जायचा. राहुरीला भाजलेल्या शेंगा चांगल्या मिळायच्या. दुष्काळाचं साल, दोन्हीकडे शेतं भाजून निघालेली, आणि माझ्या मांडीवर धनगरी घोंगडी. समोरच्या म्हातारीनं विचारलं, कुणी आजारी हाय का. ध्रुवावर जायची तयारी चाललीय म्हटल्यावर तिनं मला आपल्यातल्या चार शेंगा जास्त दिल्या.

स्टेशनपासून टांग्यानं कारखाना गाठला. मालकाला आधी पत्र लिहिलं होतं. त्यानं हसून मला कोठारावरच्या दौलतभाऊंच्या हवाली केलं. पन्नाशीचा माणूस, हातांची कातडी बर्फ उचलून उचलून पांढरी पडलेली. अमोनियाचा वास नाकाला झोंबत होता. आत भुशात रचलेल्या लाद्या, खाली ओली फरशी.

माझी तयारी पक्की होती. थंडी कानातून शिरते हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर पाजतात. म्हणून कानटोपी, तिच्यावर मफलर, वर घोंगडी. पायांत नेहमीच्या चपला.

दाराची फट ठेवून दौलतभाऊ बाहेर बसले. मी पाचवीच्या क्रमिक पुस्तकापासून कविता चालीवर म्हणायला घेतल्या. सहावी संपली, सातवी लागली. मध्येच बाहेरून आवाज आला, "ती नदीची पुन्हा म्हना की." पुन्हा म्हटली. आठवीतल्या तिसऱ्या कवितेला उठून उभा राहायला गेलो आणि धाडकन पडलो. पाय माझे उरलेच नव्हते.

दौलतभाऊंनी ओढून बाहेर काढलं, उन्हात बसवलं, पाय चोळले. बोटं निळी पडली होती.

"कान बांधून बर्फावर पाय उघडे? गुरुजी, थंडी खालनं चढती. हितलं शेंबडं पोरगं बी सांगंल."

किती वेळ झाला, मी विचारलं. सव्वा तास झाला होता. ते म्हणाले, दोन तास लिवून देतो, कोण बघाया आलंय?

मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण मग कड्यापर्यंत पोचूनही मी आतून इथंच, दारापाशी पडलेला राहिलो असतो.

"तो सव्वा तास धरू नका," मी म्हटलं. "पहिल्यापासून मोजा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग पायांना कोरडा भुसा लावून वर तरटाच्या पट्ट्या आवळल्या, खाली फळकूट टाकलं. तुम्हीही कुठल्या थंड मुलखात निघाला असाल तर आधी पायांचं बघा. दुसऱ्यांदा मी पूर्ण दोन तास बसलो. कविता संपल्या तेव्हा पाढे म्हटले. दौलतभाऊंनी शिसपेन्सिलीनं चिठ्ठी लिहून सही केली.

संध्याकाळच्या गाडीनं परतलो आणि लंगडत थेट मुख्याध्यापकांच्या घरी गेलो. चिठ्ठी वाचून ते म्हणाले, "कोठारावरच्या हमालाच्या सहीवर मी कागद वर पाठवू?"

मी बसलो नाही. "बर्फातलं त्यांच्याइतकं कळणारा दुसरा माणूस या जिल्ह्यात असेल, तर त्याचं नाव सांगा. उद्या त्याची सही आणतो."

मग त्यांनी अर्ज ओढून घेतला. प्रवासाचं प्रयोजन या रकान्यात मी 'पाहणे' एवढंच लिहिलं होतं. 'शैक्षणिक अभ्यास' लिहा, मंजूर तरी होईल, असं त्यांनी समजुतीनं सुचवलं. मी नाही म्हटलं. त्यांनी सही केली.

वरून नकार आला: प्रयोजन समाधानकारक नाही. पुढच्या वर्षी तोच अर्ज, तोच शब्द, तोच नकार. असं निवृत्तीपर्यंत चाललं. नंतर खात्याची परवानगी लागेना, पण बायकोचं आजारपण आलं, मग गुडघे. तो कडा मी अजून पाहिलेला नाही.

अभ्यास असं लिहिलं असतं तर कदाचित पाहिला असता, असं मुलगा म्हणतो. म्हणू दे. नुसतं पाहावंसं वाटणं हे पुणतांब्याच्या मास्तराला पुरेसं कारण नाही, हे मी तेव्हा मानलं नाही आणि आजही मानत नाही. गेल्या आठवड्यात सूनबाईनं बोटीचा नवा फॉर्म मोबाईलवर उघडून दिला. त्यातही प्रयोजनाचा रकाना आहे. तिला म्हटलं, दे इकडे, तेवढं मी भरतो.