एकाच रक्ताच्या दोन नळ्या

माझा भाऊ आठव्या वर्षी चालायचा थांबला. किती दवाखाने झाले, पण आजाराचं नाव कुणी सांगेना. घरातला पहिला पदवीधर मी. अशाच आनुवंशिक आजारांच्या प्रकल्पात कामाला लागलो. भावासकट शेकडो जणांचं रक्त जमलं होतं. त्यातली जनुकं वाचायला, म्हणजे एक्झोम सिक्वेन्सिंगला, बाहेरची लॅब निवडायची होती.

आमचे स्टोअरकीपर तेर गावचे. बोलण्याआधी चष्मा पुसायचे. दोन लॅबची चकचकीत माहितीपत्रकं त्यांनी बाजूला सारली.

"सर, सोयाबीन पेरायच्या आधी आमी शंभर दाणे ओल्या गोणपाटात उगवून बघतो. हितं तर माणसं हायत."

मग बाही वर करून त्यांनी स्वतःचं रक्त दिलं. प्रत्येक लॅबला त्याच्या दोन नळ्या गेल्या, वेगवेगळ्या नंबरांच्या. एका लॅबचे दोन अहवाल तंतोतंत जुळले. दुसरीनं मात्र त्यांची दोन माणसं केली.

"आईला इचारतो," ते चष्मा पुसत म्हणाले, "दुसरा कुठं ठिवलाय."

सगळे नमुने पहिल्या लॅबला गेले. भावाच्या आजाराचं नाव कळलं, औषध सुरू झालं. आता तो भिंत धरून उभा राहतो.